अधिकृत ग्रुप

अण्णांच्या तेराव्याला दिगूकाका कासारांनी
त्यांचा नंबर काढला, माझा घातला.
‘भांडी बाजार व्यापारी, अधिकृत’.
एकशे अकरा पुरुष आणि आता मी.
काकांनी लिहिलं: ताई आल्या आहेत. भान ठेवावे.
खाली जोडलेले हात उगवले,
सात-आठ, मग वीस, मग मोजायचं सोडलं.

तसं भान सगळ्यांनीच ठेवलं.
पितळेचा भाव. वीज कधी जाणार.
कुणाच्या दारात कुणाचा टेम्पो आडवा.
आणि रोज सव्वासहाला मुकुंद कलंत्रींचा गुलाब,
गुलाबावर दव, दवाखाली सुविचार.
कुणी भांडत नव्हतं.
अख्ख्या भांडी बाजारात
भांड्याला भांडं लागत नव्हतं.

अण्णांनी मला एकच शास्त्र शिकवलं:
हंडा घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघ.
नीट असला तर बराच वेळ बोलतो.
चीर गेलेली असली की बद्द.

मी ग्रुप वाजवून बघितला एकदा.
वजनात मारणाऱ्या ठोकवाल्याचं
नाव घेऊन लिहिलं.
चार अंगठे. एक ‘बघू या ताई’.
बद्द.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.
हाच ग्रुप मी अण्णांच्या फोनवर
चोरून वाचलेला: आयमायवरून शिव्या,
उधारीवरून खडाजंगी, पोपटशेठचे चावट किस्से,
आणि त्यातच मध्ये कुठेतरी
कुणाचा माल नाक्यावर अडकलाय,
कोण बुडायला आलंय, कुणाला हात द्यायचा.
शिवी आणि खबर एकाच पिशवीतून यायची.

ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
अधिकृत ग्रुपवर पहाटे तीनला आलं:
दुतोंड्याच्या छातीला पाणी.
कृपया सर्वांनी काळजी घ्यावी.
मी पोचले तोवर दुकानात
तळच्या फळीवरची घंगाळं तरंगत होती,
अंधारात एकमेकांवर आपटत होती,
आणि खरं सांगते, इतक्या महिन्यांनी
पहिल्यांदा मला बाजाराचा आवाज ऐकू आला.

शेजारची दुकानं रिकामी.
माल केव्हाच माळ्यावर चढलेला,
माणसं चहा घेत उभी.

कधी कळलं तुम्हाला?
वामन तांबटांचा सोमेश कपाकडे बघत म्हणाला,
बाराला. मारुतीच्या गुडघ्याला होतं तेव्हाच.
दुसऱ्या ग्रुपवर.
दुसरा?
‘फक्त मित्र’. तुम्ही आलात ना ताई,
त्याच रात्री काढला.
म्हणजे, तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

खोटं नव्हता बोलत पोरगा.
माझा मान त्यांनी खरंच राखला,
उंच फळीवर, कोरडा.
मी तेवढी भिजले.

तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना फोन थरथरला.
सोमेशनं मला ‘फक्त मित्र’मध्ये घातलं होतं.
पोपटशेठना पत्ता नव्हता,
त्यांनी झाकण-पातेल्याचा विनोद टाकला.
मग कुणीतरी कोपर मारलं असावं:
हा मेसेज डिलीट केला आहे.
मग कुणी टाइप करतंय. थांबतंय.
पुन्हा टाइप करतंय.

मी हात ओढणीला पुसले. लिहिलं:
पोपटशेठ, विनोद शिळा आहे,
अण्णा याहून बरा सांगायचे.
आणि मार्चपासून दोन घंगाळांचे
अकराशे राहिलेत तुमच्याकडे.

काही नाही. काहीच नाही.
काकांनी आता मला काढलं तर
दोष तरी कुणाला देणार?

मग पोपटशेठ: आठशे!!
मी: अकराशे.
दिगूकाका: अकराशेच. मी होतो तिथे.
आणि कलंत्री, गुलाबाशिवाय, जन्मात पहिल्यांदा:
ह्या चेंगटानं माझेही बुडवलेत.

फोन पितळी परातीत ठेवून
मी पुन्हा फावडं उचललं.
परात वाजत राहिली
बराच वेळ.